हिलालरावांचं पाऊण पान

माणसाचं आयुष्य एका पानात मावत नाही, असं मोठमोठ्या लोकांनी म्हणून ठेवलं आहे. हिलालराव तोताराम बोरसे यांचं पाऊण पानात मावलं, आणि त्यातही वरचा बराच भाग नाव आणि पत्ता यांनी अडवला होता.

हे पान फुलस्केप होतं आणि जळगावच्या जिल्हा परिषदेतून घरी आणलेलं होतं. साल एकोणीसशे एकोणसत्तर. हिलालराव तिथे पशुसंवर्धन विभागात कारकून होते. जिल्ह्यातल्या सरकारी वळूंची जात, वजन, वय आणि कामगिरी यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. वळूंच्या नावापुढे लिहायला पुष्कळ असे. स्वतःच्या नावापुढे काय लिहावं हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला होता.

पडण्याचं कारण म्हणजे वर्तमानपत्रातली एक जाहिरात. सरकारच्या एका पुरातत्त्व कचेरीला ‘उत्खनन सहायक’ हवा होता. इतिहासाची पदवी, उत्खननाचा प्रत्यक्ष अनुभव, वय पस्तिसाच्या आत. सोबत बायोडाटा जोडावा. जाहिरात वाचून हिलालरावांचा चहा निवला. कॉलेजात असताना एका हिवाळ्यात तापीकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या गावाच्या मातीच्या टेकाडावर, खोदकाम चाललं होतं. तिथे ते दोन महिने राहिले होते. तंबूत झोपायचं, पहाटे नदीवर तोंड धुवायचं, आणि दिवसभर तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची खापरं बघायची. पुढे वडील गेले, नोकरी धरली, लग्न झालं, आणि वळू आले. पण ते दोन महिने हिलालरावांच्या मनात तसेच राहिले होते. कौसल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्या दोन महिन्यांतला रोजचा स्वयंपाकसुद्धा तोंडपाठ झाला होता.

“करा अर्ज,” त्या म्हणाल्या. “नाही झालं तर निदान ती खापरं तरी संपतील.”

घरमालक हस्तीमलशेठ यांच्यापर्यंत बातमी जायला जिना उतरण्याइतका वेळ लागला. हस्तीमलशेठचं नव्या पेठेत कापडाचं दुकान, वर भाडेकरू. त्यांनी गादीवर बसवून घेऊन पहिला प्रश्न विचारला तो, सापडलेल्या सोन्यात सहायकाचा हिस्सा किती. हिलालरावांनी शांतपणे सांगितलं की सोनं सापडत नाही, खापरं सापडतात. शेठजींनी त्यांच्याकडे फार कणवेनं पाहिलं.

“म्हणजे भाऊसाहेब, फुटकी मडकी शोधणाऱ्याला सरकार पगार देणार, आणि अख्खी मडकी करतो त्या कुंभाराला काही नाही?”

या प्रश्नाला पुरातत्त्वशास्त्राकडे उत्तर नाही. शेठजींनी मग आपणहून सल्ला दिला की बायोडाट्यात स्थावर-जंगम जरूर लिहावं, म्हणजे माणूस हंडा घेऊन पळणाऱ्यातला नाही हे साहेबाला कळतं. स्थावर म्हणून त्यांच्या गावचं, निमखेड्याचं, कोरडवाहू रान होतं, जंगम म्हणून सायकल. हिलालरावांनी दोन्ही गाळलं. ते गाळलं हे कळल्यावर शेठजी आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलले.

तेवढ्यात पेठेत बोरसे भाऊसाहेब जुन्या वस्तू ओळखतात अशी आवई उठली. लोक येऊ लागले. कोणी राणीचं डोकं असलेला रुपया आणला, कोणी शेतात सापडलेला पालथा देव. एकानं सासऱ्याचा भाला आणला आणि हा शिवकालीन आहे असं लिहून मागितलं, कारण सासऱ्याशी त्याचा वाद चालला होता. हिलालरावांनी कोणालाही काही लिहून दिलं नाही. प्रामाणिकपणामुळे माणसाची किती बदनामी होते हे त्यांना त्या आठवड्यात समजलं. ज्यांना काही येतं ते सांगतात, ज्यांना काही येत नाही ते विचार करून सांगतो म्हणतात, असा पेठेचा निष्कर्ष निघाला.

बायोडाटा इंग्रजीत आणि टाइप केलेला हवा, म्हणून हिलालराव स्टेशनरोडच्या अय्युबकडे गेले. अय्युबचा टायपिंग क्लास होता, पण त्याची कीर्ती अर्जांवर होती. वरणगावच्या कारखान्यात लागलेली कितीतरी पोरं त्याच्या यंत्रातून गेली होती. लोक त्याच्याकडे डॉक्टरकडे जावं तसे जात, आणि तोही कागद हातात घेऊन आधी काही वेळ मान हलवत असे.

पाऊण पान पाहून त्यानं मान हलवली, आणि ‘अनुभव’ या मथळ्याखाली बोट ठेवलं. तिथे हिलालरावांनी लिहिलं होतं: उत्खननात मिळालेली मातीची भांडी धुतली.

“बोरसे साहेब, हे वाचून तुम्हाला खानावळीत घेतील,” अय्युब म्हणाला.

ते बदलून त्यानं ‘प्राचीन मृत्पात्रांवर जलप्रक्रिया केली’ अशा अर्थाचं काही इंग्रजीत मारलं. मग विचारलं, आणखी कुठे खणलंय का. हिलालराव नाही म्हणाले. अय्युबनं चौकशी करून करून चाळीसगावच्या मेहुण्याच्या विहिरीपर्यंत त्यांना आणलं. त्या विहिरीच्या वेळी हिलालराव चार दिवस काठावर उभे होते. खोली किती लागली, मधे कोणते थर लागले, मुरूम कुठे सुरू झाला, हे सगळं त्यांना आठवत होतं, कारण ते त्यांनी त्या वेळी उगीचच टिपून ठेवलं होतं. अय्युबच्या मते हाच अनुभव. हिलालरावांना ती विहीर घालताना शरम वाटली, आणि काढताना वाईट वाटलं, कारण विहीर काढल्यावर पान फारच मोकळं दिसायला लागलं. शेवटी विहीर राहिली.

प्रमाणपत्रासाठी त्यांनी खोदकामाच्या वेळच्या प्राध्यापकांना पत्र घातलं होतं. ते आता निवृत्त होऊन पुण्यात होते. उत्तर लगेच आलं, हे त्यांच्या सज्जनपणाचं लक्षण. त्यात त्यांनी लिहिलं होतं की श्री. बोरसे यांनी खापरं धुण्याचं काम समाधानकारक केलं, आणि त्यांच्या हातून विशेष काही फुटलं नाही.

‘विशेष’ या शब्दानं हिलालरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांच्या हातून काहीच फुटलं नव्हतं. उलट एका दुपारी प्राध्यापक दुसऱ्या खड्ड्याकडे गेले असताना मातीत दोन रांजण निघाले होते, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. त्या काळचे लोक गेलेलं लहान मूल असं दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. लांब जाऊ देत नसत. ते रांजण हिलालरावांनी एकट्यानं, दात घासायच्या ब्रशानं, संध्याकाळपर्यंत साफ केले होते. आत दुधाचे दात होते. तेव्हा त्यांनी ते मोजून कापसात ठेवले, पाटीवर क्रमांक लिहिला, आणि रात्री पोटभर जेवले. हे सगळं बायोडाट्यात यावं अशी त्यांची फार इच्छा होती. अय्युबनं ऐकून घेतलं आणि ‘एका बालदफनाची स्वच्छता’ एवढ्यावर भागवलं.

मग तो जन्मतारखेवर आला, टाइप करून थांबला, बोटांवर काही मोजलं आणि यंत्रावरून हात काढून घेतले.

“साहेब, तुम्ही छत्तीस आहात.”

हिलालरावांना याचा विसरच पडला होता. कचेरीत माणसाचं वय निवृत्तीच्या बाजूनं मोजतात, जन्माच्या बाजूनं कोणी मोजत नाही. दाखल्यावर तारीख होती एक जून, आणि ती त्यांच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची होती. निमखेड्याच्या शाळेत त्या काळी वय ठरवण्याची पद्धत अशी, की पोरानं उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. मास्तर मागे सहा वर्षं मोजत आणि एक जून टाकत. पद्धत शास्त्रीय होती. फक्त हिलालरावांचे हात जन्मापासून लांब होते, हे शास्त्राला ठाऊक नव्हतं. आपल्याला फार लवकर शाळेत घातलं असं आई एकदा बोलता बोलता म्हणाल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. तेव्हा खरं वय पस्तिसाच्या आत असणार, यात त्यांना शंका वाटेना. तीन हजार वर्षांचा हिशेब मातीच्या थरांवरून लावणाऱ्या शास्त्राची नोकरी, आणि उमेदवाराच्या वयात दोन वर्षांचा घोळ.

उपाय सगळ्यांनी एकच सांगितला. अय्युबनं सांगितला, हेडक्लार्कनं सांगितला, रुसवा सोडून हस्तीमलशेठनंही सांगितला. आईचं प्रतिज्ञापत्र करायचं, स्टँपपेपरवर, जन्म ज्या जिल्ह्यातला त्या धुळ्याच्या कचेरीत, आणि अस्सल प्रत अर्जाला जोडायची. नकलेला कोणी विचारत नाही. शेठजींच्या साडूच्या दुकानाचं वय असंच वाढवून घेतलं होतं म्हणे.

हिलालराव रजा टाकून एरंडोल, पारोळा असे एस.टी.नं धुळ्याला गेले, तिथून पांझरेकाठच्या निमखेड्याला. आई, धुरपदाबाई, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिला नोकरी, उत्खनन, सहायक हे सगळं समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं की मुलगा शाळेत किती वर्षांचा असताना गेला हे सरकारला पाहिजे आहे.

“चार वरीसना व्हता तू,” ती म्हणाली.

नक्की का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “माले माहीत शे,” आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. हिलालरावांना हा पुरावा पुरेसा वाटला. पुरातत्त्वात वस्तू स्वतःचं वय सांगत नाही ही मोठी अडचण असते. इथे तर बोलता साक्षीदार होता.

दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन धुळ्याच्या कचेरीत आले. आवारात लिंबाखाली टेबल टाकून मोतीलाल अर्जनवीस बसत. प्रतिज्ञापत्रं, तक्रारी, गहाळ रेशनकार्डं, सगळं ते लिहून देत. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा मजकूर तयार असे, माणसानं फक्त नाव पुरवायचं. त्यांनी स्टँपपेपर घेतला, हिलालरावांच्या तोंडून काय हवं ते ऐकलं, आणि झरझर लिहून काढलं. मग नियमाप्रमाणे धुरपदाबाईंना वाचून दाखवायला सुरुवात केली. मी, धुरपदाबाई भ्रतार तोताराम बोरसे, राहणार निमखेडे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, चिरंजीव हिलाल हा माझा एकुलता एक मुलगा असून माझे अन्य अपत्य नाही…

धुरपदाबाईंनी शाईची गादी परत सरकवली.

“एकुलता कसा?”

मोतीलालनी चष्म्यावरून हिलालरावांकडे पाहिलं. हिलालराव म्हणाले, मीच एकटा. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मना चार लेकरं व्हतात. बठ्ठासना नावं लिखा.”

हिलालरावांना आपल्याशिवाय आणखी काही मुलं झाली आणि राहिली नाहीत एवढं ऐकून ठाऊक होतं. गावात प्रत्येक घराला असं काही ना काही असे. नावं त्यांनी कधी ऐकली नव्हती. गेलेल्या लेकराचं नाव घरात घ्यायचं नाही, असा तोतारामांचा दंडक होता, आणि तोताराम गेल्यावरही तो कोणी मोडला नव्हता. विचारावं असं हिलालरावांना कधी सुचलं नव्हतं.

“अक्का,” मोतीलाल समजुतीनं म्हणाले, “सगळ्यांची नावं कशाला? हा कागद वयाचा आहे. गेलेल्यांचा इथे संबंध येत नाही.”

“वयनंच सांगस मी.”

आणि तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. बाजारात काय काय आणलं ते सांगावं तशी सांगत गेली. पहिला उखा. तो एका होळीला झाला आणि दुसरी होळी त्यानं पाहिली नाही. मग केसर. ती चांगली बोलायला लागली होती. तिसऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला झोक्यावर बसवायचं म्हणून नवा दोर आणला होता, त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. त्या वेळी हिलाल पोटात होता. हिलाल चालायला लागला तेव्हा मैना झाली. मैना दोन वर्षांची होऊन उन्हाळ्यात गेली. त्यानंतर आईनं हिलालला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. शेतात नाही, आडावर नाही, न्हाणीत नाही. पावसाळ्याच्या तोंडी बाप उठला, पोराला उचललं आणि शाळेत नेऊन बसवलं, का तर निदान दिवसा तरी बाईचे हात मोकळे व्हावेत. त्याच साली दिवाळीआधी तिचा भाऊ लष्करात भरती झाला. नवी लढाई लागली होती.

मोतीलालनी टाक दौतीत बुडवून ठेवला होता, तो बाहेर काढायचं त्यांना भान राहिलं नाही. मग त्यांच्या धंद्याचं त्यांना आठवलं. लढाई लागली ते साल एकोणचाळीस. त्या साली पोरगा चार वर्षांचा. म्हणजे जन्म पस्तिसातला, वय आज चौतीस. पुरावा बिनतोड होता. प्रत्येक थर आपल्या जागी होता, आणि एक जरी काढला तरी वरचा कोसळला असता. तीन लेकरं वगळून हिलालरावांचं वय सिद्ध होत नव्हतं.

“मूठमाती कुठं दिली होती?” हिलालरावांनी विचारलं. हे कागदासाठी लागत नव्हतं.

“नदीवर. मीठ टाकीसन,” आई म्हणाली. ती जागा पुढच्या एका पुरात वाहून गेली होती.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लेकराचे दात त्यांनी मोजून कापसात ठेवले होते. हिलालराव लिंबाच्या मुळीवर बसले, आणि बराच वेळ धोतराची धूळ झटकत राहिले. तिथे धूळ फारशी नव्हती.

मोतीलालनी पहिला कागद फाडून दुसरा घेतला. तयार मजकूर या कामाला चालेना, म्हणून त्यांना सगळं नव्यानं लिहावं लागलं, आणि ते दोन स्टँपपेपरांवर गेलं. दुसऱ्या कागदाचे पैसे हिलालराव देऊ लागले तर त्यांनी ते घेतले. धंदा होता.

आत कचेरीत शपथ देण्याचं काम एका कारकुनाकडे होतं. त्याला जेवायला जायचं होतं. पण निरक्षर माणसाचा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि एकेका मुद्द्याला हो म्हणवून घ्यायचं, हा नियम. त्यानं उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. दारात सातबाऱ्यासाठी आलेली माणसं उभी होती. एकाच्या बगलेत कोंबडा होता.

“उखा तोताराम बोरसे, मयत. बरोबर?”

“जी.”

“केसर तोताराम बोरसे, मयत.”

“जी.”

“मैना तोताराम बोरसे, मयत.”

“जी,” धुरपदाबाई म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून नीट केला होता आणि ती सरळ उभी होती, शाळेत पोराचं नाव घालायला आलेली बाई उभी राहते तशी.

“हिलाल तोताराम बोरसे, हयात.”

या वेळी आईनं हिलालरावांच्या कोपराला धरलं आणि त्यांना थोडं पुढे सरकवलं. कारकुनानं वर पाहिलं. त्यांच्याकडे बघून कागदावर खूण केली. तिनं अंगठा दिला. शिक्का बसला. कारकून जेवायला गेला.

एस.टी. स्टँडवर हिलालरावांनी आईला निमखेड्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं विचारलं, “आते हाऊ कागद कोठे ऱ्हाई?”

हिलालरावांनी सांगितलं की तो मोठ्या कचेरीत जाईल, तिथे सरकारच्या कपाटात राहील.

“चांगलं शे,” ती म्हणाली. “गावमा तं पूर येस.”

जळगावला परतल्यावर त्यांनी अय्युबकडून बायोडाटा पुन्हा टाइप करून घेतला. जन्मतारखेच्या जागी नवं साल आणि पुढे ‘सोबत प्रतिज्ञापत्र’. विहीर त्यांनी काढायला लावली. बालदफनाची ओळही काढा म्हणाले. अय्युबनं विचारलं, मग उरलं काय? हिलालराव म्हणाले, नाव आणि पत्ता राहू द्या. त्यांचा चेहरा पाहून अय्युबनं टाइपचे अर्धेच पैसे घेतले. अर्ज अस्सल प्रतिज्ञापत्रासह रजिस्टर पोस्टानं गेला, तारखेच्या आत गेला. पावती हिलालरावांनी पाकिटात जपून ठेवली. त्या हिवाळ्यात ते दर शनिवार-रविवार निमखेड्याला जाऊ लागले. कौसल्याबाईंच्या लक्षात आलं की खापरांच्या गोष्टी बंद झाल्या आहेत.

उत्तर पावसाळ्यात आलं. छापील कार्ड होतं. त्यावर नाकारण्याची कारणं एकाखाली एक छापलेली होती आणि एका कारणापुढे निळ्या पेन्सिलीनं फुली होती. वयासाठी शालान्त परीक्षेच्या दाखल्यावरील तारीख हीच ग्राह्य धरण्यात येते, अन्य पुरावा विचारात घेतला जात नाही.

खाली बारीक अक्षरांत सर्वांसाठी एक सूचना होती: नाकारलेल्या अर्जांसोबतची कागदपत्रे परत पाठवली जात नाहीत, मुदतीनंतर ती रद्दीत काढण्यात येतात.